पहिलं सत्र पुण्यात: खोली, मेस आणि रविवारचे सहा कपकेक

पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी दुपारी फीस्ट देतात आणि संध्याकाळी बंद असतात. नवीन आलेल्याला हे पहिल्याच रविवारी रात्री आठच्या सुमारास कळतं. रूममेट बाहेर गेलेले, खोलीत बिस्किटांचा अर्धा पुडा, आणि घरून फोन: "जेवलास का रे?" आठवड्याचे बाकीचे दिवस लेक्चर, प्रॅक्टिकल आणि मेसच्या वेळा सांभाळण्यात निघून जातात. घरची आठवण काढायला सवड मिळते ती याच तीन-चार तासांत.

म्हणून हा लेख दोन गोष्टींचा आहे. आधी खोली, मेस आणि कागदपत्रं एकदाची मार्गी कशी लावायची ते. मग रविवारी संध्याकाळी सहाच कपकेक कसे करायचे ते. सहाच, कारण चौघांच्या खोलीत सहा उरत नाहीत, डझनभराचं सामान महिनाअखेरच्या खिशाला झेपत नाही आणि लहान ओटीजीत, म्हणजे विजेवरच्या छोट्या ओव्हनमध्ये, एका वेळी मावतातही तेवढेच.

मी लिहितेय ते पेठांमधल्या कॉट बेसिसच्या, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन राहण्याच्या, हिशेबाने. कोथरूड, कर्वेनगर किंवा आकुर्डीला फ्लॅट घेऊन राहणाऱ्यांनाही थोड्या फरकाने हेच लागू पडेल. कॉलेजच्या होस्टेलवर असाल तर मात्र बेकिंगचा भाग नुसता वाचून ठेवा. तिथे शेगडी, हीटर, ओव्हन यांना बहुतेक ठिकाणी बंदी असते, आणि पहिल्याच महिन्यात रेक्टरशी वाकडं घेण्याइतका कपकेक मोठा नाही.

खोली बघताना

कॉट आणि कपाट सगळेच बघतात. तुम्ही नळ सोडून बघा आणि स्विचबोर्ड बघा. पाणी किती वाजता येतं, बाथरूम किती जणांत, लाइट बिल भाड्यात धरलंय की वेगळं, वेगळं असेल तर सबमीटर आहे का, डिपॉझिट किती महिन्यांचं, सोडताना किती दिवस आधी सांगायचं. विचारायला लाजू नका. पेठेतले घरमालक तुम्हाला आडनावापासून रात्री किती वाजता परतता इथपर्यंत सगळं विचारणारच आहेत, तेव्हा फिटंफाट.

"स्वयंपाक चालेल का?" हा प्रश्न मोघम आहे. "चालेल की, चहा-मॅगी करतात मुलं," असं उत्तर येतं आणि दोघांनाही वाटतं की आपलं ठरलं. त्याऐवजी सरळ विचारा: गॅसची शेगडी चालेल का, की फक्त इंडक्शन? छोटा ओटीजी चालेल का? अंडं चालेल का? हा शेवटचा प्रश्न गमतीचा वाटेल, पण अनेक घरांत ती खरोखरीची अट असते आणि ती नेमकी डिपॉझिट दिल्यावर कळते. खाली दिलेली मुख्य कृती बिनअंड्याची आहे ती त्यामुळेच.

स्विचबोर्ड बघा म्हटलं त्याचं कारण: आपल्याकडचा साधा, लहान पिनांचा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. २३० व्होल्टला त्यातून जेमतेम १,३८० वॉट घेता येतात. ओटीजीच्या मागच्या पट्टीवर वॉटचा आकडा छापलेला असतो. तो बाराशेच्या पुढे असेल तर जाड पिनांचा १६ अँपिअरचा पॉइंट हवा, जो बहुधा गीझरसाठी किंवा ओट्याजवळ असतो. मोबाइल, लॅपटॉप आणि कूलर लावलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर ओव्हन लावू नका; वायर गरम होते, वास येतो आणि मग खोलीतलं सगळंच बंद करायला सांगतात. बिलावरून घरमालकीण काकू कुरकुरल्या तर हिशेब तोंडपाठ ठेवा: हजार वॉटचा ओटीजी तापवण्यासकट पस्तीस मिनिटं चालला तर सहा दशांश युनिटच्या आसपास वीज लागते.

भाडेकराराचं थोडक्यात सांगते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. कॉट बेसिसला प्रत्यक्षात बरेचदा सगळं तोंडी चालतं. मग निदान डिपॉझिट रोख देऊ नका, यूपीआयने द्या, आणि ठरलेल्या अटी मेसेजमध्ये लिहून पाठवून "बरोबर ना काकू?" एवढं उत्तर घेऊन ठेवा. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायची असते. त्यासाठी आधार, फोटो आणि कॉलेजचं ओळखपत्र मागितलं तर घाबरू नका.

गॅस चालणार असेल तर इंडियन ऑइलचा 'छोटू' म्हणून ५ किलोचा सिलिंडर मिळतो. त्याला पुण्यातल्या पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. कोपऱ्यावर कुणीतरी मोठ्या सिलिंडरमधून लहान टाकी भरून देतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. ते बेकायदा आहे आणि गळतीची भीती असते ती वेगळीच.

मेस लावताना

महिन्याचे पैसे आगाऊ भरण्याआधी तीन मेसमध्ये एकेक गेस्ट ताट जेवून बघा, आणि तेही मंगळवार-बुधवारी. रविवारची फीस्ट बघून मेस लावणं म्हणजे लग्नातला फोटो बघून स्थळ पसंत करणं. पोळी गरम येते का, दुसऱ्यांदा भाजी मागितली तर वाढणाऱ्या मावशींचा चेहरा कसा होतो, आमटीत डाळ दिसते का, एवढं पुरतं.

खाड्याचा नियम स्पष्ट करून घ्या. जेवायला जाणार नसाल तो दिवस खाडा. पण एकेक दिवसाचा खाडा सगळीकडे धरत नाहीत. कुठे सलग तीन दिवसांच्या वर असेल तरच दिवस पुढे वाढवून देतात, कुठे आदल्या रात्री सांगावं लागतं. दर शनिवार-रविवार गावी पळणाऱ्यांचं इथेच नुकसान होतं. शिवाय सगळ्या सुट्ट्या गावी काढल्या तर पुणं कधी आपलं होत नाही, ते वेगळंच.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण पहिल्या तीन आठवड्यांत उरकला तर वर्षभर डोकं शांत राहतं. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल यांचे प्रत्येकी पाच झेरॉक्स संच करा आणि सगळ्यांचे स्पष्ट स्कॅन मोबाइलवर ठेवा. मूळ दाखला कॉलेजात जमा होतो आणि मग पुढच्या फॉर्मला तोच मागतात.

महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याआधी बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का ते बँकेत जाऊन विचारा. पैसे त्याच खात्यात येतात. आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी राहण्या-जेवणाच्या खर्चाला हातभार लावणाऱ्या वेगळ्या योजना आहेत: अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, आणि इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. कॉट बेसिसवर राहणाऱ्या अनेकांना या लागू होतात आणि अनेकांना त्या माहीतच नसतात. कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवरच्या क्लार्कशी नीट बोला, नाव विचारा, दुसऱ्यांदा गेल्यावर नावाने हाक मारा. वर्षभरात सगळ्यात जास्त काम याच माणसाकडे पडतं.

बोनाफाइड, म्हणजे तुम्ही त्या कॉलेजात शिकता असा दाखला, एकदम दोन घ्या. एक पीएमपीच्या, म्हणजे शहर बसच्या, विद्यार्थी पासला लागेल. मेट्रोतही विद्यार्थ्यांसाठी सवलतीचं कार्ड आहे. वनाझ-रामवाडी किंवा पिंपरी-स्वारगेट मार्गावर रोजचं येणं-जाणं असेल तर ते काढून टाका.

कॉलेजात पाय रोवताना

पहिले पंधरा दिवस सगळ्या लेक्चरना बसा. उपस्थिती ७५ टक्के लागते हे एक कारण. दुसरं म्हणजे ओळखी याच दिवसांत होतात. नंतर घोळके ठरून जातात. पुस्तकं नवी घेण्याआधी अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतात का बघा. वरच्या वर्गातले लोक जून-जुलैमध्ये तिथेच विकून जातात. खोलीत अभ्यास होत नसेल, आणि चौघांत तो होत नाहीच, तर पेठांमध्ये गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. स्पर्धा परीक्षावाल्यांची गर्दी असते, पण पंखा, टेबल आणि शांतता मिळते.

एकतरी मंडळ धरा. नाटकाची आवड असो नसो, पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींना बॅकस्टेजला माणसं हवीच असतात. १९६३ पासून चालत आलेली ही एकांकिका स्पर्धा ऑगस्टच्या सुमारास भरत नाट्य मंदिरात होते आणि त्याआधीचा महिनाभर कॉलेजं रात्री उशिरापर्यंत जागी असतात. खिळे ठोकायला, नाटकातलं सामान सांभाळायला, चहा आणायला नवखं पोरगंही चालतं. एनएसएस, ट्रेकिंग, वादसभा, काहीही चालेल. वर्गाबाहेर ओळखीचं एक वर्तुळ हवं, एवढंच. आणि पेठेत राहत असाल तर गणपतीत तुमची खोली ही गावाकडच्या सगळ्या मित्रांची धर्मशाळा होणार, हे आतापासून धरून चाला.

आता रविवार

सामान शनिवारीच आणून ठेवा. साचे, कागदी कप, व्हॅनिला इसेन्स, डार्क कंपाउंड (चॉकलेटसारखी वडी) हे रविवार पेठ आणि बोहरी आळीच्या परिसरात घाऊक दरात मिळतं, पण पहिल्या वेळेला घाऊक घेऊ नका. शंभर कागदी कपांचं पाकीट स्वस्त दिसतं आणि मग सहाच्या हिशेबाने ते सोळा रविवार पुरतं.

खरेदीत एकाच गोष्टीवर पैसे घाला: बॅटरीवर चालणारा डिजिटल वजनकाटा. वाटीचं माप आईच्या हाताला जमतं, कारण तिची वाटी ठरलेली असते. चार रूममेटांच्या चार घरांतून आलेल्या चार वाट्या वेगवेगळ्या असतात. मोठ्या केकमध्ये दहा ग्रॅम मैदा इकडेतिकडे झाला तर खपून जातो. सहा कपकेकमध्ये मैदाच नव्वद ग्रॅम आहे, दहा ग्रॅमचा फरक लगेच घशाला जाणवतो. काटा नसेलच तर बेकिंगचा २४० मिलिलिटरचा कप आणि मापाचे चमचे वापरा. मोठा चमचा १५ मिलिलिटरचा, छोटा ५ चा. चहाचा घरगुती चमचा म्हणजे छोटा चमचा नव्हे.

बिनअंड्याचे सहा कपकेक

मैदा ९० ग्रॅम (पाऊण कप)
ताजं, घट्ट दही १२० ग्रॅम (अर्धा कप)
साधी बारीक साखर ७५ ग्रॅम (६ मोठे चमचे)
वास नसलेलं तेल ५० मिलिलिटर (३ मोठे चमचे आणि १ छोटा)
बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा
खायचा सोडा पाव छोटा चमचा
व्हॅनिला इसेन्स अर्धा छोटा चमचा
मीठ चिमूटभर
दूध १-२ मोठे चमचे, लागलं तर

साखर दह्यात विरघळते, त्यामुळे मिक्सर नसला तरी अडत नाही. तेल सूर्यफुलाचं किंवा सोयाबीनचं घ्या. शेंगदाण्याच्या तेलाचा वास कपकेकला फोडणीची आठवण करून देतो. दही मेसमधून मागून आणू नका, ते ताकाच्या वाटेवर असतं. डेअरीचं किंवा कपातलं घट्ट दही घ्या आणि तासभर आधी बाहेर काढून ठेवा.

बेकिंग पावडरची डबी कपाटात किती दिवस पडून होती कुणास ठाऊक, म्हणून आधी तपासा. पाव कप कडक गरम पाण्यात अर्धा चमचा टाकली की जोरात फसफसायला हवी. गपचूप तळाशी बसली तर डबी टाकून द्या. सोड्यावर लिंबाचे चार थेंब पिळले की तेही कळतं. पावसाळ्यात बेकिंग पावडर लवकर मरते, कारण ओल लागली की डबीतच तिची रासायनिक क्रिया सुरू होते. झाकण घट्ट, चमचा कोरडा.

ओटीजी १८० अंशांवर लावा, खालचा-वरचा दोन्ही रॉड चालू, आणि दहा-बारा मिनिटं रिकामा तापू द्या. साच्यात कागदी कप लावून ठेवा. हे आधी का? कारण मिश्रण तयार झालं की त्याला थांबायला वेळ नसतो.

मोठ्या वाडग्यात दही आणि साखर घ्या, हाताने फेटण्याच्या व्हिस्कने किंवा दोन काट्याच्या चमच्यांनी फेटा. सुरुवातीला करकर आवाज येतो. दोन-तीन मिनिटांनी आवाज थांबला आणि दही पातळ, चकचकीत झालं की साखर विरघळली. आता सोडा आणि बेकिंग पावडर घालून एकदा ढवळा आणि तीन-चार मिनिटं हात लावू नका. बघत राहा, हा सगळ्यात मजेचा भाग आहे: आधी कडेला बारीक बुडबुडे धरतात, मग मधला भाग वर येतो आणि दही फुगून फेसाळतं. दह्यातलं आम्ल आणि सोडा यांच्यातून कार्बन डायऑक्साइड निघतोय. अंडं नसताना कपकेक हलका करणारा हाच वायू. बेकिंग पावडरचा काही भाग मात्र ओव्हनच्या उष्णतेत काम करायला मागे राहतो.

त्यात तेल आणि इसेन्स घालून हलवा. मैदा आणि मीठ चाळून दोन हप्त्यांत घाला आणि व्हिस्क बाजूला ठेवून चमच्याने किंवा स्पॅच्युलाने तळापासून वर उचलून मिसळा. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबा. बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू द्या, भाजताना विरतात. इथे जोर लावून फेटलं की मैद्यातलं ग्लूटेन बळकट होतं, वायू निघून जातो आणि कपकेक चिवट होतात. मिश्रण इडलीच्या पिठाइतकं दाट हवं. चमच्यावरून पडतच नसेल तर चमचाभर दूध घाला.

सगळं मिळून साधारण ३३५ ग्रॅम भरतं, म्हणजे एका कपात ५५ ग्रॅम. काटा आहेच, तर साचा त्यावर ठेवून भरा. सगळे सारखे फुगतात आणि "तुझा मोठा" ही भांडणं होत नाहीत. डोळ्यांनी भरायचं तर कप दोन तृतीयांश. लगेच ओव्हनच्या मधल्या जाळीवर ठेवा. पहिली पंधरा मिनिटं दार उघडायचं नाही, कुणी कितीही डोकावलं तरी. अठराव्या मिनिटाला टूथपिक मधोमध खुपसून बघा. ओलं पीठ चिकटून आलं तर अजून दोन-तीन मिनिटं, चार-दोन कोरडे कण आले तर बाहेर. लहान ओटीजीत वरचा रॉड अगदी जवळ असतो, म्हणून वरून रंग लवकर येऊ लागला तर शेवटची पाच मिनिटं फक्त खालचा रॉड ठेवा.

साच्यात पाच मिनिटं, मग बाहेर काढून जाळीवर. पापड-फुलके भाजायची जाळी चालते. साच्यातच गार होऊ दिले तर वाफ खाली साठून बूड ओलं होतं.

ओव्हन नसेल तर

जाड बुडाची, रुंद, जुनी कढई घ्या. तळाशी वाटीभर मीठ पसरा, त्यावर स्टँड किंवा पालथी घातलेली ताटली, वर घट्ट बसणारं झाकण. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. कागदी कपांऐवजी स्टीलच्या छोट्या वाट्या वापरा, आतून तेलाचा हात फिरवून मैदा भुरभुरवा. वाट्या ठेवल्यावर आच मंद करा आणि पंचवीस ते तीस मिनिटं द्या. वर तपकिरी रंग येणार नाही, पांढरटच राहतात. चवीत कमी पडत नाहीत. मीठ गार झालं की बरणीत भरून पुढच्या वेळेसाठी ठेवा, भाजीत घालू नका.

लोक कुकरमध्येही करतात, शिट्टी आणि रिंग काढून. पण काकूंचा कुकर उसना आणून कोरडा तापवायचा धीर करू नका. इंडक्शनवर ही युक्ती चालत नाही. कोरडं भांडं ठरावीक मर्यादेपलीकडे तापलं की इंडक्शन आपोआप बंद होतं आणि अर्धवट शिजलेलं पीठ हातात राहतं. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर ओटीजीसारखाच वापरा, खालच्या जाळीवर, १७५-१८० अंशांना. धातूचा साचा फक्त निव्वळ कन्व्हेक्शन मोडला चालतो.

अंडं चालत असेल तर

हे प्रमाण आणखी सोपं आहे, कारण सहा कपकेकला बरोबर एक अंडं लागतं: मैदा ९० ग्रॅम, पिठीसाखर ७५, मऊ लोणी ५५, अंडं १, दूध ६० मिलिलिटर, बेकिंग पावडर पाऊण छोटा चमचा. सोडा नाही. लोणी आणि साखर रंग फिकट होईपर्यंत फेटा, मग अंडं, मग मैदा आणि दूध आलटून पालटून. नेहमीचं पिवळं अमूल बटर खारट असतं, ते घेतलं तर वेगळं मीठ नको. ओव्हनच्या वेळा त्याच.

बिघडलं तर कुठे बघायचं

मध्ये खड्डा पडला तर बहुधा दार लवकर उघडलं, किंवा सोडा-पावडर जास्त पडली. जास्त फुगलेलं भाजायच्या आत कोसळतं. उलट मधोमध सुळका येऊन फुटला तर ओव्हन जास्त तापलेला आहे. लहान ओटीजीची आकड्यांची चकती फार विश्वासू नसते, पुढच्या वेळी दहा अंश खाली ठेवा. खाताना साबणासारखी चव किंवा पिवळसर ठिपके दिसले तर सोडा नीट मिसळला नाही. तो दह्यात घालण्याआधी बोटांनी चुरून गुठळी मोडा. कागद सोलताना अर्धा कपकेक कागदालाच चिकटला तर घाई झाली, पूर्ण गार होऊ द्या. आणि गच्च, रबरासारखा झाला तर मैदा फेटला गेला.

वरचं आवरण आणि फेरफार

माझं मत विचाराल तर पहिल्या तीन-चार वेळा वर काहीही लावू नका. आधी खालचा भाग चांगला जमू दे. शिवाय बटरक्रीम पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत पंख्याखाली टिकत नाही, ओघळतं. करायचंच तर गनाश करा: डार्क कंपाउंड ६० ग्रॅम बारीक चिरून, त्यावर उकळी यायच्या बेतातली फ्रेश क्रीम ३० मिलिलिटर, दोन मिनिटं झाकून ठेवा, मग मधूनच हळूहळू ढवळा. सहांना बरोबर पुरतं. कंपाउंड म्हणजे चॉकलेट नव्हे, त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं; पण उन्हाळ्यात ते जास्त टिकतं आणि खिशालाही सोसतं.

फेरफार मात्र मनसोक्त करा. पिकून काळं पडलेलं केळं, जे चौघांच्या खोलीत नेहमी एक असतंच, कुस्करून निम्म्या दह्याऐवजी घाला आणि साखर ६० ग्रॅमवर आणा. वेलची आणि चिमूटभर जायफळ घातलं की वास थेट सणासुदीचा येतो. साखरेऐवजी चिरलेला गूळ चालतो, तो दह्यात विरघळायला पंधरा मिनिटं द्या. रंग गडद येतो आणि कपकेक जरा दाट होतात. थंडीत महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या गाड्यांवर आल्या की वर एकेक फोड दाबून बसवा. आत घालू नका, पाणी सुटून मिश्रण ओलं राहतं.

वाटणी

चौघे खोलीत, पाचवा काकूंना. हा पाचवा गरम असतानाच ताटलीत घालून नेऊन द्या आणि "अंडं नाहीये काकू" हे आधी सांगा. ताटली रिकामी परत येत नाही, हा पेठेतला अलिखित नियम आहे. चिवडा, लाडू, कधी नुसती लिंबाची फोड. पुढे ओटीजीच्या बिलाचा विषय निघत नाही तो याच ताटलीमुळे. सहावा सोमवारी वर्गात ज्याच्याशी अजून नीट ओळख झालेली नाही त्याच्यासाठी डब्यात ठेवा. नुसता विषय काढून बोलायला जाणं अवघड असतं, "खाणार का?" सोपं असतं.

आवरण नसलेले कपकेक घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेर दोन दिवस राहतात. फ्रीजमध्ये ठेवले की कोरडे पडतात. गनाश लावलेले मात्र उन्हाळ्यात फ्रीजमध्येच. वर्गात कौतुक होऊ लागलं की कुणीतरी म्हणेलच, "विकायला लाग." जरूर विका, पण पैसे घेऊन खाण्याचा पदार्थ विकायचा तर घरगुती असला तरी एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते, आणि घरमालकाची परवानगी वेगळी. पहिल्या सत्रात हे नकोच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात परीक्षा येते आणि तेव्हा रविवार संध्याकाळ जर्नल पूर्ण करण्यात जाते.

परीक्षा संपून दिवाळीला गावी निघाल तेव्हा मेसमध्ये खाड्याचं सांगून जा, ओटीजीची पिन काढा आणि उरलेला मैदा कपाटात पिशवीत तसाच सोडू नका. पंधरा दिवसांत त्याला जाळी धरते आणि किडे होतात. घट्ट डब्यात भरून काकूंच्या फ्रीजमध्ये ठेवायला द्या. डब्यावर तुमचं नाव आणि "मैदा" एवढं लिहा, नाहीतर दिवाळीत त्याच्या शंकरपाळ्या होतील.